चितपट होत शिकायचं: नवं कौशल्य आणि स्पष्ट विचार यांसाठी एक कामाची पद्धत

तालमीत शिकणाऱ्या पोराची एक सोय असते, जी मोबाईलवर शिकणाऱ्याची नसते: येत नसेल तर ते त्याला लगेच कळतं. कोल्हापूरची गंगावेस तालीम असो की मोतीबाग, लाल मातीत उतरल्यावर ‘ढाक डाव मला समजला’ असं नुसतं म्हणून भागत नाही. समोरच्यानं पट काढला की पाठ मातीला लागते आणि विषय तिथेच संपतो. व्हिडिओ बघणाऱ्याची पाठ कशालाच लागत नाही. तो मान डोलावतो, सगळं पटतं, पुढचा व्हिडिओ लावतो आणि तीन महिन्यांनी कोरी एक्सेल शीट समोर आली की बोटं जागच्या जागी थांबतात.

म्हणून पुढे जे काही सांगितलंय त्याचं सूत्र एकच आहे. शिकताना आणि विचार करताना, आपल्याला चितपट करू शकेल असं काहीतरी आधी उभं करायचं. ते माणूस असेल, कोरा कागद असेल, जुळणारी किंवा न जुळणारी बेरीज असेल, नाहीतर पंचगंगा नदीची पातळी असेल.

समजायला सोपं जावं म्हणून तीन माणसं डोळ्यांसमोर ठेवू. कोल्हापुरात चप्पल लाईनीत घरचं दुकान सांभाळणारा एक तरुण, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशिनवर काम करणारा एक कामगार, आणि कागलहून रोज कोल्हापुरात हॉटेलच्या रिसेप्शनवर येणारी एक मुलगी. तिघांकडेही दिवसाला तासभरापेक्षा जास्त वेळ नाही.

विषय नको, काम निवडा

‘एक्सेल शिकायचंय’, ‘ड्रॉइंग वाचायला शिकायचंय’, ‘इंग्रजी सुधारायचंय’. ही वाक्यं ऐकायला बरी वाटतात, पण त्यांत हरायची सोयच नाही. इंग्रजी ‘सुधारलं’ की नाही हे कोण ठरवणार? त्यामुळे पहिल्या दिवशी फक्त एवढंच करा: विषयाचं नाव खोडून त्या जागी एक काम लिहा.

दुकानदाराचं वाक्य असं होईल: ‘दर महिन्याच्या ५ तारखेला कोणत्या कारागिराला किती द्यायचे आणि कोणत्या गिऱ्हाइकाकडून किती यायचे, हे शीट उघडल्याबरोबर दिसलं पाहिजे आणि आबांच्या वहीशी जुळलं पाहिजे.’ आबांच्या वहीशी जुळणं, ही झाली कुस्ती. दहा रुपयांचा फरक आला तरी हरलो.

कामगाराचं: ‘नवं ड्रॉइंग हातात आलं की सुपरवायझरला न विचारता कोणतं माप आधी धरायचं आणि मापात कुठे किती सूट (टॉलरन्स) आहे हे मला सांगता आलं पाहिजे.’ रिसेप्शनवरच्या मुलीचं: ‘इंग्रजीत आलेल्या फोनवर खोलीचं भाडं, वेळ आणि महामार्गावरून हॉटेलला यायचा रस्ता सांगता यावा, आणि समोरच्यानं एकदाही परत विचारू नये.’

वाक्य जमलं का हे बघायला तीन प्रश्न पुरतात. हे काम कोण वापरणार? कधीपर्यंत? फसलं तर कशावरून कळणार? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर वाक्य पुन्हा लिहा. मुदत साधारण १२ आठवड्यांची धरा. त्याहून लांब धरली की पहिला महिना ‘तयारी’तच जातो.

कोणतं कौशल्य निवडायचं याबद्दल माझं मत जरा रोखठोक आहे. सध्या कशाची चलती आहे ते बघू नका. घरात, दुकानात, शेतात असं कोणतं काम आहे जे दर आठवड्याला येतं आणि ज्यासाठी तुम्ही दुसऱ्या कुणावर तरी अडून राहता, ते बघा. त्या कामाला सराव आपोआप मिळतो, कारण ते टाळता येत नाही.

कामाचे डाव वेगळे काढा

पैलवान ‘कुस्ती’ शिकत नाही. घिस्सा शिकतो, एकलंगी शिकतो, त्यांच्या तोडी शिकतो. तसंच निवडलेल्या कामाचे तुकडे करायचे आणि त्यांतले वारंवार लागणारे आधी घ्यायचे. या पायरीला पूर्ण दोन संध्याकाळ द्या. बहुतेक जण इथेच घाई करतात.

ड्रॉइंगचं घेऊ. पुस्तकात शंभर गोष्टी असतात, पण मशिनवरच्या माणसाला रोज लागणाऱ्या मोजक्याच. पहिली, दृश्यं कोणत्या पद्धतीनं मांडली आहेत. आपल्याकडची बहुतेक ड्रॉइंग फर्स्ट अँगल पद्धतीत असतात, अमेरिकन गिऱ्हाइकाची थर्ड अँगलमध्ये येतात. टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीतलं) कापलेल्या शंकूचं बारीक चिन्ह बघायचं राहिलं तर डावीकडचं छिद्र उजवीकडे पडतं आणि सगळी बॅच भंगारात जाते. दुसरी, सूट. ‘२५ एच ७’ असं लिहिलं असेल तर छिद्र २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवं. म्हणजे सूट फक्त २१ मायक्रॉन, तीही वरच्याच बाजूला. तिसरी, सगळी मापं कोणत्या पृष्ठभागापासून घेतली आहेत. या तीन गोष्टी पक्क्या झाल्या की उरलेल्या पुस्तकातल्या बऱ्याच पानांना अर्थ यायला लागतो.

दुकानाच्या शीटमध्ये फॉर्म्युले नंतर येतात, आधी येते शिस्त. एका ओळीत एकच व्यवहार, तारखेच्या रकान्यात खरी तारीख, आणि एका माणसाचं नाव कायम एकाच पद्धतीनं. ‘पाटील’, ‘पाटील सर’ आणि ‘पाटील काका शाहूपुरी’ हे आपल्यासाठी एकच गृहस्थ असतात, कॉम्प्युटरसाठी तीन. मग बेरीज चुकते आणि दोष फॉर्म्युल्याला जातो. शिस्त बसली की फिल्टर, सम-इफ्स (अटीनुसार बेरीज), एक्स-लुकअप (यादीतून नेमकी नोंद शोधणं) आणि पिव्हट टेबल (नोंदींचा गोषवारा) एवढ्या चार डावांवर छोट्या दुकानाचा हिशेब निघतो.

इंग्रजीचं तर फार सोपं आहे. व्याकरणाचं पुस्तक मिटून ठेवा आणि आठवडाभर फोनवर खरोखर विचारले गेलेले प्रश्न जसेच्या तसे लिहून काढा. तेच तेच प्रश्न फिरून येतात. तेवढ्यांची उत्तरं हा पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम.

वाचून झालं की मिटा

आता खरा सराव. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटानं उतारा दोनदा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचून मग मिटला आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के, दुसरे ७५. आठवड्यानं घेतली तेव्हा पारडं फिरलं: दोनदा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, मिटून लिहिणारे ५६ वर राहिले.

यातली मेख लक्षात घ्या. पुन्हा वाचणाऱ्याला त्या क्षणी आपल्याला जास्त येतं असं वाटतं, आणि त्या क्षणापुरतं ते खरंही असतं. म्हणूनच परीक्षेच्या आदल्या रात्री पिवळ्या मार्करनं रंगवलेली पानं मन शांत करतात आणि पुढच्या आठवड्यात दगा देतात.

करायचं असं. वीस मिनिटं वाचा किंवा व्हिडिओ बघा. बंद करा. पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, आकृती काढा, फॉर्म्युला मांडा. अडलात तरी दोन मिनिटं तसेच बसा. लगेच बघू नका. मग उघडा आणि राहिलेलं, चुकलेलं लाल पेनानं भरा. दुसऱ्या दिवशी तो लाल भागच आधी घ्यायचा. एक्सेलचा व्हिडिओ असेल तर व्हिडिओसोबत करत जाणं हा सराव धरू नका. व्हिडिओ बंद, नवी शीट उघडी, स्वतःच्या दुकानाचे आकडे. तेव्हाच माती लागते.

चपलेच्या खोक्यातली पत्त्यांची पेटी

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. त्यावरचा उपाय म्हणजे विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवणं. ते मनात ठेवून जमत नाही, त्यासाठी पेटी लागते. १९७०च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी ती लोकांपुढे आणली. आपण तिचं घरगुती रूप करू.

लग्नसराई संपल्यावर घरात पत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतोच. कोरी बाजू वर येईल असे पत्त्याएवढे तुकडे कापा. चपलेचं रिकामं खोकं घ्या आणि पुठ्ठ्यानं पाच कप्पे करा. पत्त्याच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. सगळे पत्ते पहिल्या कप्प्यातून सुरू होतात. पहिला कप्पा रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्यातून एकदा, चौथा पंधरवड्याला, पाचवा महिन्यातून एकदा बघायचा. उत्तर बरोबर आलं तर पत्ता पुढच्या कप्प्यात. चुकलं तर तो कुठल्याही कप्प्यात असो, थेट पहिल्यात परत. इथे दयामाया नाही. ‘जवळजवळ आलं होतं’ म्हणजे चुकलं.

पेटी बिघडते ती बहुतेक वेळा प्रश्नांमुळे. ‘पिव्हट टेबल म्हणजे काय?’ हा वाईट पत्ता आहे. त्याला निबंध लिहावा लागतो आणि बरोबर-चूक ठरत नाही. ‘महिन्यावार विक्री एकाखाली एक हवी आहे, तारीख कोणत्या चौकटीत ओढायची?’ हा चांगला, कारण उत्तर एका शब्दात आहे: Rows, म्हणजे ओळी. एका पत्त्यावर एकच प्रश्न, आणि तो शक्यतो तुमच्या कामातूनच आलेला. दिवसाला पाचपेक्षा जास्त नवे पत्ते घालू नका. पहिल्या उत्साहात तीस घातले की दुसऱ्या आठवड्यात पेटी माळ्यावर जाते. मोबाईलवर हेच करणारी अ‍ॅप आहेत आणि ती चांगलीही आहेत, पण ज्या हातानं अ‍ॅप उघडतो त्याच हातानं रील्सही उघडतात, म्हणून मी सुरुवातीला खोकंच सुचवतो.

सराव मिसळून करा

सलग वीस गणितं एकाच प्रकारची सोडवली की हात बसल्यासारखा वाटतो. २००७ साली रोहरर आणि टेलर यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एका प्रकारची गणितं संपवून पुढच्या प्रकाराकडे जायला सांगितलं, दुसऱ्याला सगळे प्रकार मिसळून दिले. सरावात पहिला गट ८९ टक्के, मिसळलेला ६०. आठवड्यानं परीक्षा झाली तेव्हा पहिला २० टक्क्यांवर घसरला, मिसळलेला ६३ वर.

कारण साधं आहे. एकाच प्रकारची गणितं सलग आली की कोणती रीत वापरायची हे ठरवावं लागत नाही. खऱ्या कामात मात्र ‘कोणता डाव?’ हाच प्रश्न असतो. म्हणून ड्रॉइंग वाचणाऱ्यानं एकाच पार्टची पाच ड्रॉइंग न घेता वेगवेगळी पाच घ्यावीत. इंग्रजीवालीनं मैत्रिणीला कोणताही प्रश्न मधेच, कोणत्याही क्रमानं विचारायला सांगावं. सराव वाईट झाल्यासारखा वाटेल. वाटू द्या.

वस्ताद कसा गाठायचा

कोल्हापुरात जाणकार माणूस मिळणं अवघड नाही. उद्यमनगरात कुठल्याही गल्लीत शिरलात तर तीस-तीस वर्षं हातानं काम केलेले मिस्त्री भेटतात. अडचण ही की त्यांना काय विचारायचं हे आपल्याला माहीत नसतं. ‘काका, मला जरा शिकवता का?’ याला ‘ये की कधीतरी’ एवढंच उत्तर मिळतं, आणि ते कधीतरी येत नाही.

आधी काम करून न्या. अर्धवट, चुकीचं, पण केलेलं. मग नेमकं विचारा: ‘काका, यात तुम्ही पहिलं काय बदलाल?’ कसं झालंय असं विचारू नका. आपली माणसं भिडस्त, ‘बरं झालंय की’ म्हणून चहा मागवतील. पहिलं काय बदलाल असं विचारलं की त्यांना बोट ठेवावंच लागतं. वेळही बघा: महिनाअखेरीला डिस्पॅचच्या गडबडीत नको. सुधारून आठवड्यात परत दाखवा. सांगितलेलं करून आणणाऱ्या माणसाला लोक न मागता पुढचं सांगतात. आणि वस्तादानं सांगितलेलं एका वेळी एकच सुधारा. तालमीतही ‘कोपर आत घे’ एवढंच सांगितलं जातं, भाषण नसतं.

काही कौशल्यं मात्र जाणकारालाही शब्दांत सांगता येत नाहीत. गुऱ्हाळावर जाऊन बघा. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळतोय, भेंडीचा चीक घालून मळी वर आणून काढली जातेय, पाक घट्ट होत चाललाय. काहिल नेमकी कधी उतरवायची? पुस्तकी उत्तर ११८ अंश सेल्सियसच्या आसपास. गुळव्या थर्मामीटरकडे बघत नाही. बुडबुड्यांचा आकार, वास, आणि थोडा पाक थंड पाण्यात टाकून गोळी कशी वळते यावर ठरवतो. त्याला विचारलंत तर म्हणेल, ‘कळतंय की.’ खोटं नाही ते. पण तुमच्या काही उपयोगाचंही नाही.

अशा वेळी विचारू नका, आधी पैज लावा. त्यानं काहिल उतरवायचा इशारा करण्याआधी तुम्ही मनात ‘आता’ म्हणा आणि कशावरून म्हणालात ते आठवून ठेवा. मग तो कधी म्हणतो ते बघा. तुम्ही लवकर म्हणालात की उशिरा? गोळी पाण्यात कशी होती? एका हंगामात जेवढ्या काहिली डोळ्यांखालून जातील तेवढ्या वेळा हे करता येतं. हीच रीत कुठेही लागू पडते: डॉक्टर निदान सांगण्याआधी शिकाऊ नर्सनं, मिस्त्रीनं इंजिन उघडण्याआधी पोरानं, व्यापाऱ्यानं गुळाचा रवा (ढेप) बघून भाव बोलण्याआधी शेतकऱ्यानं. नुसतं बघत राहणाऱ्यापेक्षा आधी बोलून चुकणारा लवकर तयार होतो.

आणि वस्तादच नसेल तर? तेव्हा वस्तूलाच वस्ताद करायचं. बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांना सिनेमाचं यंत्र शिकवणारं त्या काळी कोल्हापुरात कुणी नव्हतं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी पुढे विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन १९१८ साली चालणारा देशी कॅमेरा तयार केला. कॅमेरा खुशामत करत नाही. फिल्म नीट सरकते किंवा सरकत नाही. चालू असलेलं यंत्र उघडा, प्रत्येक भागाचा फोटो काढा, फोटो न बघता जोडा. चाललं नाही तर फोटो आहेतच. पहिला प्रयोग बंद पडलेल्या मिक्सरवर करा, आईच्या चालू मिक्सरवर नको.

विचारांनाही आखाडा लागतो

हाताच्या कामात चूक दिसते. विचारांत दिसत नाही, कारण आपला अंदाज काय होता हेच आपण नंतर बदलून सांगतो. पूर आला की ‘मी म्हणालोच होतो’, नाही आला की ‘मला वाटलंच होतं’. कट्ट्यावर बसलेला प्रत्येक जण दोन्ही वर्षी बरोबर असतो.

यावर उपाय म्हणजे अंदाजाची वही, आणि तिच्या सरावाला पंचगंगेइतकी चांगली सोय दुसऱ्या शहरात क्वचितच असेल. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी रोज जाहीर होते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ साली ती ५५ फुटांच्याही वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. आता जुलैमधल्या एखाद्या संध्याकाळी वहीत लिहा: ‘उद्या सकाळी पातळी ३९ फुटांच्या वर असेल, शक्यता ७० टक्के.’ तारीख, आकडा, आणि एका ओळीत कारण: गगनबावडा-राधानगरीकडे किती पाऊस झाला, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडलेत, खाली कृष्णेला किती पाणी आहे, कारण कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही.

सकाळी गुण द्या. ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञानं १९५० साली सुचवलेली रीत सोपी आहे. घडलं तर १, नाही तर ०. त्यातून तुमची शक्यता वजा करून वर्ग करायचा. ७० टक्के म्हणालात आणि घडलं, तर ०.३ चा वर्ग ०.०९. घडलं नाही, तर ०.७ चा वर्ग ०.४९. गुण जितके कमी तितके चांगले. प्रत्येक वेळी ५० टक्के म्हणणाऱ्याला कायम ०.२५ मिळतात, म्हणून तुमची सरासरी ०.२५ च्या वर गेली तर डोळे झाकून ५० टक्के म्हणणारा तुमच्यापेक्षा बरा. पन्नासेक नोंदी झाल्या की दुसरी तपासणी करा: ज्यांना ७० टक्के म्हणालात, त्यांतल्या दहापैकी साधारण सात घडल्या का? नऊ घडल्या असतील तर तुम्ही विनाकारण बिचकताय. चार घडल्या असतील तर आत्मविश्वासाला वेसण घालायला हवी.

(एक सांगून ठेवतो: वही सरावासाठी आहे. नदीकाठी घर असेल आणि प्रशासनानं हलायला सांगितलं तर वहीत काय लिहिलंय ते न बघता हला.)

पावसाळा नसताना दुकानाचे अंदाज लिहा. ‘ही ऑर्डर १५ तारखेच्या आत जाईल, ८० टक्के.’ आकडा लिहिण्याआधी एक प्रश्न हटकून विचारा: अशा ऑर्डरी याआधी किती वेळा वेळेत गेल्या? या वेळची खास कारणं त्यानंतर बघायची. उलट क्रमानं गेलात की प्रत्येक वेळ ‘या वेळी गोष्ट वेगळी आहे’ अशीच दिसते.

दुसरा व्यायाम समजुतीचा. २००२ साली रोझेनब्लिट आणि कील यांनी लोकांना रोजच्या वस्तू कशा चालतात हे किती समजतं ते आधी विचारलं, मग सविस्तर समजावून सांगायला लावलं. समजावून झाल्यावर लोकांनी स्वतःच आपले आधीचे गुण खाली आणले. आपल्याकडे यासाठी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा घ्या. नदीवरून जाताना सगळ्यांनी तो शेकडो वेळा बघितलाय. आता न बघता त्याची आकृती काढा. बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) कुठे बसतात? पावसाळा संपल्यावरच का घालतात आणि जूनआधी का काढतात? जुन्या बंधाऱ्यांत बरग्यांच्या दोन ओळींमध्ये माती का भरायची? कागदावर पेन अडलं की समज कुठे संपते ते दिसतं. मग जे खरं काम हातात आहे त्याच्यावर हेच करा: आपल्या दुकानाचा नफा कशातून येतो याची आकृती काढून बघा. बऱ्याच जणांचं पेन तिथे बंधाऱ्यापेक्षा लवकर अडतं.

तिसरा कारणांचा. फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) रिजेक्शन वाढलं, कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, वायूची भोकं दिसतायत. सगळे म्हणतात, वाळू ओली होती. असेलही, वाळूत ओलावा जास्त झाला की वाफेनं अशी भोकं पडतात. पण कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) नीट वाळला नसेल, वायू निघून जायला वाट (वेंट) कमी असेल, ओतलेल्या धातूतच वायू असेल, तरी तसंच दिसतं. वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९६० साली २, ४, ६ हे तीन आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितला होता. बहुतेक जण ८, १०, १२ सारखे आपल्या तर्काला जुळणारेच आकडे विचारत राहिले. नियम होता फक्त ‘चढत्या क्रमाचे कोणतेही आकडे’. १, २, ३ विचारलं असतं तर सम आकड्यांचा तर्क लगेच मोडला असता. फाउंड्रीतला १, २, ३ म्हणजे काय? ‘वाळू कोरडी होती त्या पाळीतही भोकं होती का?’ हा प्रश्न. रजिस्टर काढा, ओलाव्याची नोंद आणि रिजेक्शन शेजारी शेजारी मांडा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. वाळू, कोअर आणि वेंट तिन्ही एकदम बदलून रिजेक्शन कमी झालं तर काम झालं, पण कळलं काहीच नाही.

मोठा खर्च करण्याआधी आणखी एक. गॅरी क्लाइन यांनी २००७ साली मांडलेली युक्ती अशी: वर्ष झालं असं समजा, आणि बेत पूर्ण फसलाय असंही समजा. आता प्रत्येकानं स्वतंत्र कागदावर कारण लिहायचं. कर्ज काढून दोन म्हशी घ्यायच्या असतील तर घरातल्या बायका भाकड काळातला खर्च आणि उन्हाळ्यातला हिरवा चारा पहिल्या पाच मिनिटांत लिहितील. बैठकीत मात्र तेच कुणी बोललं नसतं, कारण दादांचा उत्साह मोडायचा नसतो.

आठवडा कसा बसवायचा

सोमवार ते शुक्रवार पाऊण तास. त्यातली पहिली दहा मिनिटं पेटी, मग वीस मिनिटं नवं, उरलेला वेळ मिटून लिहिणं. शनिवारी मिसळून सराव. रविवारी खरं काम: खऱ्या हिशेबावर, खऱ्या ड्रॉइंगवर. शिफ्ट बदलत असेल तर घड्याळाची वेळ ठरवू नका, ‘जेवणाआधी’ किंवा ‘डबा धुतल्यावर’ अशी जागा ठरवा. सकाळी रंकाळ्याला चक्कर मारत असाल तर कानात काही न घालता कालचं आठवत चाला. एक फेरी झाली तरी चालते.

बसायला घरात जागा नसेल तर करवीर नगर वाचन मंदिर आहे. १८५० सालापासून या गावानं ते सांभाळलंय. पैसे भरून क्लास लावायचा असेल तर प्रमाणपत्राचा नमुना बघू नका. क्लासमधल्या मुलांनी केलेलं काम दाखवा म्हणा. काम दाखवता येत नसेल तर पैसे खिशात ठेवा.

कधी थांबायचं

चौथ्या आठवड्याला केलेलं काम खऱ्या माणसाला वापरायला द्या, अर्धं असलं तरी. दुकानदारानं आबांना शीट द्यावी आणि शेजारी बसून काहीही न सांगता नुसतं बघावं. आबा कुठे अडतात, कुठे वैतागून वहीकडे वळतात, ती यादी हा पुढच्या चार आठवड्यांचा अभ्यास. आठव्या आठवड्याला पुन्हा तेच.

बाराव्याला पहिल्या दिवशी लिहिलेलं वाक्य काढा. काम झालं असेल तर पेटी महिन्यातून एकदाच्या कप्प्यावर न्या आणि पुढचं काम निवडा. झालं नसेल तर दोनच गोष्टी बघा: आठवड्यातले किती दिवस प्रत्यक्ष बसलात, आणि चौथ्या आठवड्यापेक्षा बाराव्यातल्या चुका वेगळ्या आहेत का. दिवस भरलेत आणि चुका बदलल्यात, तर आणखी सहा आठवडे द्या. दिवस भरलेत पण चुका त्याच आहेत, तर वस्ताद बदला किंवा कामाचे तुकडे आणखी बारीक करा. दिवसच भरले नसतील तर ते काम तुम्हाला पुरेसं अडत नाही. ते सोडा, आणि ज्याच्यावाचून खरोखर खोळंबा होतो असं दुसरं वाक्य लिहा.